सायकल कुणाच्या मापाची?

आमच्या कार्यालयाच्या पडवीत गेल्या वर्षी चार महिने चार सायकली नुसत्या उभ्या होत्या. नव्या कोऱ्या, जांभळ्या रंगाच्या, पुढे टोपली लावलेल्या. येणारी-जाणारी प्रत्येक बाई त्यांच्याकडे बघून म्हणायची, "किती छान आहेत! मग चालवत का नाही कुणी?" या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला जे कळलं ते या वेळच्या संपादकीयात मांडते आहे. विषय साधाच आहे : रोजच्या कामासाठी, बऱ्यावाईट रस्त्यांवर चालेल अशी सायकल कशी निवडावी? बायकांच्या हक्कांसाठी निघणाऱ्या त्रैमासिकात टायरच्या मापाची चर्चा कशाला, असं कुणाला वाटेल. पण ते माप न बघितल्यामुळे आमच्या एका कार्यकर्तीचं घराबाहेर पडणंच बंद झालं होतं. म्हणून हे सगळं लिहायला हवं.

आमचं सल्ला केंद्र तालुक्याच्या गावी आहे. कार्यकर्त्या आसपासच्या गावांत राहतात आणि चार ते नऊ किलोमीटरच्या टप्प्यातल्या वाड्या-वस्त्यांवर जातात. २०२१-२२ च्या एस.टी. संपानंतर आमच्याकडच्या दुपारच्या दोन फेऱ्या पुन्हा सुरू झाल्याच नाहीत. वडापची जीप भरल्याशिवाय हलत नाही आणि संध्याकाळी पाचनंतर तीही मिळेलच याची खात्री नसते. तेव्हा एका हितचिंतकांनी सहा सायकलींसाठी पैसे दिले. अर्ज मी लिहिला, दुकान मी ठरवलं, पावतीवर सही माझी. दुकानदारानं विचारलं, "बायकांसाठीच ना? मग लेडीज मॉडेल पाठवतो." मी हो म्हटलं. समाजकार्याच्या एम.ए.ला 'गरजांचं मूल्यमापन' या विषयावर मी पानंच्या पानं लिहिली होती. पण ज्या सहाजणी सायकल चालवणार होत्या, त्यांना 'तुमचा रस्ता कसा आहे, तुम्ही बरोबर काय नेता' एवढं विचारण्याचं काही मला सुचलं नाही.

ऑगस्टमधली गोष्ट. आमची एक कार्यकर्ती सात किलोमीटरवरच्या वस्तीवर गेली होती. तिथल्या एका बाईची २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखालची तारीख दुसऱ्या दिवशी होती. कागदांवर सह्या घेऊन ही परत निघाली. अर्ध्या वाटेत, नुकती खडी टाकलेल्या रस्त्यावर, एका धारदार दगडानं टायर बाजूनं फाटलं. जवळच्या गावात सायकलचं दुकान होतं. दुकानदाराकडे 'सव्वीस इंची' टायरही होतं. पण ते बसेना. तिच्या सायकलचं टायरही सव्वीस इंचीच होतं, तरी बसेना. शेवटी ती सायकल ढकलत, चिखल तुडवत रात्री नऊ वाजता घरी पोचली. घरी काय झालं असेल ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. दुसऱ्या दिवसापासून तिचं काम बंद. महिनाभर ती आली नाही. तिच्याकडच्या तीन बायकांची प्रकरणं आम्ही बाकीच्यांनी कशीबशी सांभाळली.

आम्ही तीन वेळा तिच्या घरी गेलो. तिच्या नवऱ्याचं बोलणं ऐकताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली. बायकोनं हे काम करू नये असं त्याला पहिल्यापासून वाटत होतं. आजवर त्याला सबळ कारण मिळत नव्हतं. ते कारण आम्ही सहा हजारांना विकत घेऊन त्याच्या दारात नेऊन ठेवलं होतं.

मग बाकीच्या सायकलींची चौकशी केली. एकीचं कॅरिअर दळणाच्या डब्यानं वाकलं होतं. एकीचा रस्ता काळ्या रानातून जातो. पावसाळ्यात चिखल मडगार्ड आणि टायरच्या मध्ये इतका घट्ट बसायचा की चाकच फिरायचं नाही, दर शंभर पावलांवर उतरून काटकीनं उकरावा लागायचा. तिसरी उंच आहे. सीट शेवटच्या खुणेपर्यंत वर घेऊनही तिचे गुडघे हँडलला लागायचे आणि संध्याकाळी दुखायचे. यातल्या कुणीही तक्रार केली नव्हती. फुकट मिळालेल्या वस्तूला नावं कशी ठेवायची, हा संकोच. उरलेल्या दोघी मात्र मजेत सायकल चालवत होत्या. त्यांचा रस्ता सगळा डांबरी होता आणि बरोबर पिशवीपलीकडे ओझं नव्हतं. म्हणजे सायकल वाईट नव्हती. ती एका विशिष्ट बाईसाठी बनवलेली होती : गुळगुळीत रस्त्यावरून, हलकी पिशवी घेऊन, कॉलेजला जाणाऱ्या मुलीसाठी. आमच्या सहाजणींपैकी चौघी तशा नव्हत्या.

'लेडीज' या शब्दानं किती घोटाळे केलेत ते बघा. दांडी खाली उतरवलेली सायकल एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आली ती पाश्चात्त्य बायकांच्या घोळदार झग्यांसाठी. आपल्याकडे ती साडीसाठी सोयीची ठरली. पण साडी नेसणाऱ्या सगळ्याच बायकांनी तीच निवडली असं नाही. तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्याची हकिगत आपल्यापैकी जुन्या कार्यकर्त्यांना आठवत असेल. १९९१ मध्ये तिथल्या साक्षरता मोहिमेनं, 'अरिवोळी इयक्कम'नं, बायकांना सायकल शिकवणं हा मोहिमेचाच भाग केला. जिल्हाधिकारी होत्या शीला राणी चुंकत. एक लाखाहून अधिक ग्रामीण बायका सायकल शिकल्या. ८ मार्च १९९२ ला पंधराशेच्या वर बायकांनी हँडलला झेंडे लावून, घंट्या वाजवत शहरातून फेरी काढली. पत्रकार पी. साईनाथ यांनी या सगळ्याबद्दल लिहिलं आहे आणि त्यात आपल्या विषयाचा एक नेमका तपशील आहे. लेडीज सायकलींचा तुटवडा पडला म्हणून बायकांनी जेन्ट्स सायकली घेतल्या. आणि कित्येकींना त्याच जास्त आवडल्या. कारण सीटपासून हँडलपर्यंतच्या दांडीवर मूल बसवता येतं. तिथल्या बायका माल घेऊन गावोगाव विकायला जाऊ लागल्या, एस.टी.च्या थांब्यावर जाणारा वेळ वाचला, पाणी आणि पोर एकाच खेपेत नेता येऊ लागलं.

आमच्याकडे याच्या उलट घडलं. आमच्या बहुतेकींना दांडी खाली असलेलीच सायकल हवी होती, पण कारण साडीचं नव्हतं. मागच्या कॅरिअरवर दळणाचा डबा किंवा मूल असलं की पाय मागून टाकून चढता येत नाही. पाय पुढूनच घालावा लागतो. पुदुक्कोट्टईच्या बायकांनी दांडी निवडली ती मुलासाठी, आमच्यांनी दांडी नाकारली ती ओझ्यासाठी. दोघींचं म्हणणं बरोबर आहे. म्हणून दुकानात पहिला प्रश्न 'लेडीज की जेन्ट्स' हा असूच नये. 'कोणत्या रस्त्यानं, किती ओझं घेऊन, कोणाला बसवून' हा असावा.

इथे थोडं मागे जाऊन बघू या. आपल्या आईच्या, आजीच्या लग्नाच्या याद्या आठवा. घड्याळ, रेडिओ आणि सायकल. हुंड्याची ती सायकल मुलीच्या बापाच्या पैशानं यायची आणि जावई चालवायचा. मुलगी फार तर मागे कॅरिअरवर बसायची. १९६१ मध्ये हुंडाबंदीचा कायदा आला. यादीतली सायकल गेली ती मोटारसायकल आली म्हणून. २०११ च्या जनगणनेप्रमाणे देशातल्या शंभरांपैकी सुमारे ४५ घरांत सायकल होती. पण जनगणनेचा प्रश्न घराला असतो. त्या घरातली सायकल कोण चालवतं, हे त्यात विचारलं जात नाही.

पडवीतल्या सायकलींनी मला शिकवल्यावर आम्ही एक दिवसाचं शिबिर घेतलं. प्रत्येकीनं कागदावर आपला रोजचा रस्ता काढला. डांबर किती, खडी किती, मुरूम किती, पाणंद किती, ओढा कुठे, चढ कुठे. शेजारी लिहिलं, बरोबर काय असतं : फायली, दळण, रेशन, पाण्याचा कॅन, मूल. निरक्षर सहभागींनी चित्रं काढली आणि ती सगळ्यांत बोलकी होती. मग तालुक्यातल्या एका अनुभवी मिस्त्रीकाकांना बोलावून, सायकल उलटी करून, एकेक भाग समजून घेतला. त्यातून जे हाती आलं ते तुमच्यासाठी देते आहे.

सुरुवात चाकापासून करू, कारण घोटाळा तिथेच झाला होता. सव्वीस इंची टायर एकच नसतं. जुन्या पद्धतीच्या बहुतेक लेडीज सायकलींच्या टायरवर २६ × १ ३/८ असं अपूर्णांकात लिहिलेलं असतं. जाड टायरच्या सायकलींवर २६ × १.७५ किंवा २६ × १.९५ असं दशांशात. दोन्ही 'सव्वीस', पण रिमच्या व्यासात ३१ मिलिमीटरचा फरक. एकाचं टायर दुसऱ्याला बसणारच नाही. टायरच्या बाजूला बारीक अक्षरात मिलिमीटरमधला आकडाही असतो. अपूर्णांकवाल्याच्या शेवटी ५९० असतं, दशांशवाल्याच्या शेवटी ५५९. हल्ली 'हायब्रिड' नावानं मिळणाऱ्या सायकलींना ७००सी चाक असतं, त्याचा आकडा ६२२. जुन्या काळ्या सायकलीला २८ × १ १/२, म्हणजे ६३५. यातलं कुठलंच वाईट नाही. फक्त सायकल घेण्याआधी आपल्या रस्त्यावरच्या दुकानात जाऊन विचारायचं, "कोणतं टायर तुमच्याकडे कायम असतं?" त्याचं उत्तर सायकलच्या रंगापेक्षा शंभर पट महत्त्वाचं आहे.

आता रुंदी. अगदी अरुंद टायर डांबरावर पळतं, पण मुरमात आणि वाळूत रुततं आणि खडीवर हाडं खिळखिळी करतं. फार जाड, खोल नक्षीचं टायर चिखलात पकड देतं, पण डांबरावर घरघरतं आणि पायांना ओढ लावतं. डांबर आणि कच्चा रस्ता दोन्ही असतील तर ३५ ते ४५ मिलिमीटर रुंदीचं, मधे गुळगुळीत आणि कडेला थोडी नक्षी असलेलं टायर घ्यावं. २६ × १.७५ साधारण याच मापात येतं. हवा किती भरायची ते टायरवरच छापलेलं असतं. खडीवर त्या मर्यादेत जरा कमी हवा ठेवली तर धक्के कमी बसतात. ओझं असेल तर मागच्या चाकात जास्त लागते. टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये निदान बोटभर जागा हवी. काळ्या मातीच्या भागात त्याहून जास्त.

सांगाडा म्हणजे फ्रेम. लोखंडी, म्हणजे स्टीलची, फ्रेम ॲल्युमिनियमपेक्षा जड असते, पण तडकली तर गावातला वेल्डर जोडून देतो. दांडी खाली उतरवलेली फ्रेम सरळ दांडीच्या फ्रेमपेक्षा लवचिक पडते, म्हणून जास्त ओझं न्यायचं असेल तर दोन नळ्यांची, भक्कम जोडाची बघून घ्यावी. उंची तपासण्याची रीत सोपी आहे. सीटवर बसून टाच खालच्या पायडलवर ठेवली की पाय सरळ व्हायला हवा. मग पावलाच्या पुढच्या भागानं पायडल मारताना गुडघ्यात थोडा वाक राहतो. सीट वर घेऊनही हे जमत नसेल तर ती फ्रेम तुमच्या मापाची नाही. सरळ दांडी असेल तर जमिनीवर दोन्ही पाय टेकून उभं राहिल्यावर दांडी आणि शरीर यांत दोन बोटांची जागा हवी. सीटबद्दल आपण बायका बोलत नाही आणि मुकाट दुखणं सोसतो. बायकांच्या बैठकीच्या हाडांमधलं अंतर साधारणपणे पुरुषांपेक्षा जास्त असतं. तेव्हा सीट मागे रुंद आणि पुढे आखूड टोकाची हवी. फार मऊ सीट दुकानात छान वाटते, पण पाच किलोमीटरनंतर तीच दाबते. सीटचं टोक वर उचललेलं असेल तर लघवीच्या जागी दुखतं. पाना घेऊन ती सपाट करायला अर्धा मिनिट लागतो. हे दुखणं लाज वाटून लपवण्याचं नाही.

कॅरिअरवर किंवा सोबतच्या कागदावर किती किलो ते लिहिलेलं असतं. बऱ्याच हलक्या कॅरिअरवर २५ किलो असतं. घरगुती गॅसच्या टाकीत १४.२ किलो गॅस असतो आणि टाकीचं वजन धरून ते तीस किलोच्या आसपास जातं. वीस लिटरचा पाण्याचा कॅन म्हणजे वीस किलो. मूल आणि दळण एका खेपेत नेलं तर तीसच्या पुढे गेलंच. म्हणून कॅरिअर वेगळं, जाड सळईचं, चाकाच्या मधल्या नटाला दोन्ही बाजूंनी आधार असलेलं बसवून घ्यावं. स्टँड एका बाजूचं नको. ओझं बांधताना सायकल आडवी होते. दोन पायांचं स्टँड हवं. मागच्या चाकाला जाळी हवी. पदर, ओढणी आणि मागे बसलेल्या मुलाचा पाय तिन्ही वाचतात. चेनला पूर्ण कव्हर हवं.

गिअरचा मोह आणि गिअरची भीती दोन्ही सोडाव्यात. पुढच्या चक्राला ४४ दाते आणि मागच्याला १८ असतील तर पायडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं. सपाट रस्त्यावर ठीक. ओझं घेऊन चढावर पाय भरून येतात. पुढे ४२ आणि मागे २८ असतील तर चाक दीडच वेळा फिरतं. वेग कमी होतो, पण उतरावं लागत नाही. पुढे एकच चक्र आणि मागे सात, एवढे गिअर आपल्या कामाला पुरतात. एकवीस गिअरच्या सायकलीत बिघडण्यासारखे भाग तेवढे वाढतात. रस्ता सपाट असेल तर गिअर नसलेली सायकल उत्तम. स्वस्त सायकलीतले पुढचे शॉकॲब्सॉर्बर मात्र टाळावेत. वजन वाढतं, पायडल मारलेली ताकद हेलकाव्यात जाते आणि वर्षभरात ते कुरकुरायला लागतात. धक्के घ्यायला रुंद टायर पुरतं.

ब्रेकचं रबर गावात मिळणारं असावं. पावसात रिम ओली असली की ब्रेक उशिरा लागतो, हे लक्षात ठेवून उतारावर आधीच वेग कमी करावा. ब्रेकची मूठ आपल्या बोटांना सहज पोचते का ते दुकानातच दाबून बघा. पुष्कळ मुठींना एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवला की मूठ जवळ येते. पुढे दिवा, मागे लाल दिवा किंवा रिफ्लेक्टर. आणि पिशवीत पंप, दोन पाने, पंक्चरचं साहित्य. शिबिरात शेवटचा दीड तास आम्ही फक्त पंक्चर काढलं. बाभळीचा काटा आणि सराटे आपल्या वाटेला असणारच. ट्यूब पाण्यात धरून बुडबुडे शोधणाऱ्या बायकांचे चेहरे मी विसरणार नाही. पन्नाशीच्या एक ताई म्हणाल्या, "एवढंच होतं होय? आणि मी तीस वर्षं पोराला पाठवत होते!"

शरीराचा विषय निघालाच आहे तर अजून एक. 'सायकलीनं मुलीचं कौमार्य जातं' ही समजूत अजूनही आया मुलींना सांगतात, कधी उघड, कधी 'आता पुरे, मोठी झालीस' अशा शब्दांत. योनिपटल हा लवचीक पडदा आहे, तो प्रत्येकीचा वेगळा असतो आणि त्यावरून कुणाबद्दल काहीही सिद्ध होत नाही. बलात्काराच्या प्रकरणांत केली जाणारी 'टू फिंगर' तपासणी स्त्रीच्या प्रतिष्ठेचा भंग करते असं सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये सांगितलं आणि २०२२ मध्ये तिला शास्त्रीय आधार नाही हे पुन्हा बजावलं. न्यायालयानं जे नाकारलं ते आपण सायकलच्या सीटवर का शोधत बसायचं? पाळीच्या दिवसांतही, बरं वाटत असेल तर, सायकल चालवायला काही हरकत नाही.

आता सरकारकडे वळू. बिहारमध्ये २००६ पासून नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे मिळू लागले, सुरुवातीला दोन हजार रुपये. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश यांनी त्या योजनेचा अभ्यास केला. माध्यमिक शाळेतली मुलींची नावनोंदणी ३२ टक्क्यांनी वाढली, मुलगे आणि मुलींमधली दरी ४० टक्क्यांनी कमी झाली, आणि शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून दूर असलेल्या गावांत परिणाम ठळक होता. आपल्याकडे मानव विकास कार्यक्रमाखाली १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी रक्कम मिळते. २०२२ मध्ये ती ३५०० वरून ५००० रुपये झाली. पैसे मुलीच्या खात्यात जमा होतात, हे चांगलं आहे. पण दुकानात कोण जातं? बहुधा बाप किंवा भाऊ. पाच हजारांत, बरेचदा पदरचे घालून, गिअर नसलेली साधी सायकल येते आणि दुकानदार 'लेडीज मॉडेल' काढून देतो. काही महिन्यांनी ती भाऊ चालवताना दिसते. शाळेतल्या बाईंनी आणि आपल्या गटांनी एवढं तरी करावं : खरेदीच्या आधी मुलींना सायकलचं माप आणि टायरचा आकडा बघायला शिकवावं, मुलीला दुकानात घेऊन जावं आणि पावती तिच्याच नावाची करावी. जमलं तर फ्रेमवर तिचं नाव घालून घ्यावं.

आणि बारावीनंतर काय? बाई अठरा वर्षांची झाली की सरकारच्या लेखी तिला सायकलची गरज उरत नाही. सर्वसाधारणपणे हजार लोकसंख्येमागे एक आशा कार्यकर्ती, तीही वाड्या-वस्त्यांवर पायी. सहा किलोमीटर चालायला सव्वा तास लागतो, कच्च्या रस्त्यानंही सायकलीवर अर्धा-पाऊण तास. जाऊन-येऊन तास-दीड तास वाचतो. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात असल्याचं दिसलं, पुरुषांचा ९७ मिनिटं. ज्यांच्याकडे वेळ सर्वांत कमी, त्यांनाच आपण पायी चालायला लावतो.

ग्रामपंचायतीच्या उत्पन्नाचा १० टक्के वाटा महिला व बालकल्याणासाठी असतो. महिला ग्रामसभेत आपण मागू शकतो : प्रौढ बायकांना सायकल शिकवण्याचं आठ दिवसांचं शिबिर, शाळेत किंवा अंगणवाडीत कायम ठेवलेला पंप आणि पंक्चरची पेटी, ओढ्यावरच्या फरशीची दुरुस्ती. या मागण्या लहान आहेत, म्हणून त्या मान्य होण्यासारख्या आहेत.

एक सावधगिरीही सांगायला हवी. सायकल आली की घरातल्या कामांना चाकं फुटतात. "तुझ्याकडे सायकल आहे ना, मग दळणही आण, औषधही आण, पोराला क्लासलाही सोड." आमच्या दोघींचा हाच अनुभव. वाचलेला तास त्यांच्या वाट्याला आलाच नाही, घरानं तो परस्पर घेतला. तेव्हा सायकल निवडताना घरात हेही बोलायला हवं की तिच्यावर कुणाची कामं लादली जाणार आणि घरातला पुरुष त्यातली कोणती करणार. हे बोलणं टायरच्या मापाइतकं सोपं नाही, ते मला ठाऊक आहे.

आमच्या पडवीतल्या चार सायकली आम्ही कॉलेजला जाणाऱ्या मुलींना कमी किमतीत दिल्या. त्यांना त्या मापाच्या होत्या. आलेल्या पैशांत थोडी भर घालून चौघींनी आपापली सायकल स्वतः निवडली आणि चौघींनी तीन तऱ्हेच्या निवडल्या. दोघींनी दांडी खाली असलेली, १.७५ च्या टायरची, भक्कम कॅरिअरची. उंच कार्यकर्तीनं सरळ दांडीची, सात गिअरची हायब्रिड. आणि पन्नाशीच्या ताईंनी वापरलेली जुनी काळी सायकल, सळईच्या ब्रेकची, कारण "तिचा प्रत्येक नट आमच्या गावच्या मिस्त्रीला पाठ आहे." मी असते तर ती कधीच घेतली नसती. त्या आज सगळ्यांत जास्त फिरतात.

ऑगस्टमध्ये घरी बसवलेली आमची मैत्रीण ऑक्टोबरपासून परत कामावर आहे. १.७५ च्या दोन सायकलींपैकी एक तिची. नवरा अजून राजी नाही. रोज काही ना काही बोलतोच. फक्त सायकल नादुरुस्त होऊन उशीर होतो, हे आता त्याला म्हणता येत नाही. पंक्चर ती स्वतः काढते. त्या बाईची पुढची तारीखही तिनंच सांभाळली.

मैत्रिणींनो, तुमच्या गटात सायकली आल्या असतील, पडून असतील, भावांनी नेल्या असतील, तर कळवा. तुमचा रस्ता, तुमचं ओझं आणि तुम्हाला चाललेली सायकल, टायरच्या आकड्यासकट लिहून पाठवा. पुढच्या अंकात आपण ती पत्रं छापू. लिहिता न येणाऱ्या मैत्रिणींच्या रस्त्यांची चित्रंही पाठवा.

तुमची,
संपादक मंडळाच्या वतीने